उद्याची धास्ती मोजायची कशी?

सकाळी उठल्यावर पायाच्या बोटांना मुंग्या आलेल्या असतात. बहुतेक माणसं पाय झटकतात, चार पावलं चालतात आणि विसरून जातात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेलं माणूस घड्याळ बघतं. त्याला डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं असतं की नवं लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा इन्फेक्शन नसलं, तर तो आजाराचा नवा झटका, म्हणजे रिलॅप्स, असू शकतो. सूचना अगदी योग्य आहे. पण तिच्यामुळे पुढचा अख्खा दिवस त्या बोटांवर पहारा देण्यात जातो. मुंग्या कमी झाल्या का? घोट्यापर्यंत आल्या की तिथे आधीपासूनच होत्या? संध्याकाळपर्यंत मुंग्या जातातही, पण तोवर दिवसही गेलेला असतो.

न्यूरॉलॉजिस्ट पायातली ताकद तपासतात, किती अंतर चालता येतं ते विचारतात, एमआरआयवरचे डाग मोजतात. हा वाया गेलेला दिवस मात्र त्यांच्या कागदावर कुठेच येत नाही. त्याची नोंद ठेवता यावी म्हणून मानसशास्त्रज्ञांनी काही प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. भीतीसारखी गोष्ट आकड्यात बसवायची म्हटलं की पहिली प्रतिक्रिया संशयाचीच येते. तो संशय मला रास्त वाटतो, आणि त्याची उत्तरं शोधताना या प्रश्नावल्या कशा चालतात तेही कळतं.

हा आजार इतकी धास्ती का लावतो

एमएसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिकचं असतं तसं. ते जागोजागी खरवडलं गेलं की संदेश मंदावतात, अडखळतात किंवा पोहोचतच नाहीत. 1868 मध्ये पॅरिसमधल्या जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत दिसणाऱ्या कडक चट्ट्यांवरूनच आजाराचं नाव पडलं. चट्टा कुठे पडला त्यावर लक्षण ठरतं. डोळ्याच्या नसेवर पडला तर धूसर दिसतं, मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतात किंवा लघवीवरचा ताबा सुटतो.

जगभरात 28 लाखांहून जास्त लोकांना हा आजार आहे. बहुतेकांना तो 20 ते 40 या वयात गाठतो, आणि स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त आहे. म्हणजे नोकरी, लग्न, मूल, घर यांचे बेत चाललेले असतात तेव्हाच. सुमारे 85 टक्के लोकांमध्ये आजाराची सुरुवात झटक्यांनी होते. झटका येतो, काही आठवड्यांत पूर्ण किंवा थोडाफार ओसरतो, मग शांतता. यातल्या काहींची तब्येत पुढे झटक्यांशिवायच हळूहळू ढासळू लागते. राहिलेल्यांची, म्हणजे साधारण 10 ते 15 टक्क्यांची, तब्येत पहिल्यापासूनच अशी ढासळत जाते.

धास्तीची खरी मेख त्या मधल्या शांततेत आहे. एमआरआय सुरू झाल्यावर लक्षात आलं की मेंदूत नवे चट्टे पडतात त्या मानाने अंगावर दिसणारे झटके फार थोडे असतात. बरेच चट्टे आवाज न करता येतात. अलीकडच्या काही वर्षांत न्यूरॉलॉजिस्ट आणखी एका गोष्टीबद्दल बरंच बोलतात: झटका न येताही, औषध चालू असतानाही, अपंगत्व थोडं थोडं वाढू शकतं. एकदा हे कळलं की ‘मला बरं वाटतंय’ या वाक्यातला आधारच निघून जातो. बहुतेक आजारांत लक्षण नसणं ही दिलाशाची गोष्ट असते. इथे माणूस ठणठणीत चालत असतो, तरी आत काय चाललंय याची खात्री त्याला देता येत नाही.

त्यात भर पडते ती ईडीएसएस या मापनश्रेणीची. अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट जॉन कर्ट्झके यांनी 1983 मध्ये तिचं सध्याचं रूप मांडलं. शून्य म्हणजे तपासणीत काहीही दोष नाही, 10 म्हणजे एमएसमुळे मृत्यू, आणि मध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. सहावर साधारण 100 मीटर चालायला काठी लागते, सातवर बहुतेक वेळ व्हीलचेअर. डॉक्टरांना एकमेकांशी एका भाषेत बोलता यावं म्हणून ही श्रेणी बनली. पण निदान झालेल्या माणसाने रात्री मोबाइलवर ती वाचली की तिचं वेळापत्रक होतं: आज दोन, मग चार, मग सहा. श्रेणीत तसं काही म्हटलेलंच नाही. कितीतरी लोक वर्षानुवर्षं खालच्या पायऱ्यांवरच राहतात. शिवाय ती आखली तेव्हा आजाराचा मार्ग बदलणारं एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. इंटरफेरॉन बीटाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1993 मध्ये, आणि पहिल्यापासून ढासळत जाणाऱ्या प्रकारासाठी ऑक्रेलिझुमॅब यायला 2017 उजाडलं. आज निदान होणाऱ्यांच्या मनात भविष्याचं जे चित्र असतं ते बऱ्याचदा औषधांआधीच्या काळातलं असतं.

साप, दोरी आणि चिंतेच्या चाचण्या

मग साधी चिंता मोजणाऱ्या चाचण्या आहेतच की, त्या का पुरत नाहीत?

दवाखान्यांत सर्वात जास्त वापरली जाणारी चाचणी 1983 चीच आहे. तिचं नाव एचएडीएस. झिग्मंड आणि स्नेथ यांनी ती बनवली. 14 प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे. शारीरिक आजार असलेल्यांसाठी ती मुद्दाम बेतलेली आहे, म्हणून थकवा, चक्कर असले प्रश्न तिच्यात जवळजवळ नाहीतच. थकवा चिंतेमुळे की आजारामुळे, हा घोळ त्यामुळे टळतो. एमएसच्या लोकांवरही ती पारखून झाली आहे. चिंता आणि नैराश्य या लोकांत किती आढळतं याचा अनेक अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये एक आढावा घेतला गेला. त्यात चिंतेचं प्रमाण सुमारे 22 टक्के आणि नैराश्याचं सुमारे 30 टक्के निघालं. म्हणजे प्रश्न मोठा आहे आणि या चाचण्या उपयोगाच्याही आहेत.

अडचण दुसरीकडे आहे. चिंतेच्या बहुतेक चाचण्या ‘किती’ विचारतात, ‘कशाची’ विचारत नाहीत. आणि त्यांच्या मुळाशी एक गृहीतक असतं की चिंता वास्तवाला सोडून आहे. दोरीला साप समजलेल्या माणसाला दिवा दाखवला की भीती जाते. एमएसमध्ये साप खरोखर घरात आहे. तो कुठे दडलाय, बाहेर येणार का, आला तर कधी, हे कोणालाच माहीत नाही. अशा घरात राहणाऱ्याला ‘तुमची भीती निराधार आहे’ म्हणणं हा उपचार तर नाहीच, थोडा अपमानच आहे.

जर्मनीतले पीटर हेर्शबाख आणि त्यांचे सहकारी यांनी ही वेगळी भीती स्वतंत्रपणे मांडली. इंग्रजीत तिला ‘फिअर ऑफ प्रोग्रेशन’ म्हणतात, आपण ‘आजार वाढण्याची भीती’ म्हणू. त्यांच्या मते ही भीती जाणीवपूर्वक असते, म्हणजे माणसाला नेमकं माहीत असतं की आपण कशाला घाबरतोय. ती खऱ्या धोक्याला दिलेली प्रतिक्रिया असते आणि आजाराच्या अनुभवातून येते. मानसिक विकारांच्या यादीत तिचं नाव नाही, आणि ते योग्यच आहे. थोडी भीती तर कामाची असते. तीच माणसाला औषध वेळेवर घ्यायला आणि तपासणीला जायला लावते.

मग मोजायचं कशासाठी? माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं समर्थन एकाच गोष्टीत आहे. भीती खरी की खोटी हे ठरवायचंच नाही. ती माणसाच्या आजच्या दिवसातला किती वाटा खातेय, ते बघायचं. प्रश्नावली चांगली की वाईट हेही याच कसोटीवर ठरावं.

43 प्रश्नांपासून 12 पर्यंत

हेर्शबाख यांच्या गटाची प्रश्नावली 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. ती एमएससाठी बनलेली नव्हती. कर्करोग, मधुमेह आणि संधिवाताचे आजार असलेल्या लोकांबरोबर ती तयार झाली. 43 विधानं, आणि त्यांचे पाच गट: भावनिक प्रतिक्रिया, जोडीदार आणि कुटुंब, नोकरी-काम, स्वावलंबन गमावणं, आणि भीतीशी जुळवून घेणं. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, फार वेळा.

थकलेल्या माणसाला 43 प्रश्न म्हणजे शिक्षाच. म्हणून वर्षभरात, 2006 मध्ये, स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांबरोबर तिची 12 प्रश्नांची छोटी आवृत्ती तयार झाली. जुळवून घेण्याचा गट तिच्यात नाही. एकापासून पाचपर्यंत गुण धरले तर एकूण बेरीज 12 ते 60 मध्ये येते. पुढे अनेक आजारांसाठी आणि अनेक भाषांत हीच छोटी आवृत्ती फिरली.

ती काय विचारते ते माझ्या शब्दांत सांगतो. आजार पुढे कसा जाईल याचा विचार आला की भीती वाटते का. तपासणीच्या आधी जीव कासावीस होतो का. वेदनांची भीती आहे का. काम कमी होईल, काम सुटेल, असं वाटतं का. मुलांना हा आजार होईल का ही काळजी सतावते का. रोजच्या गोष्टींसाठी परक्या माणसांवर विसंबावं लागेल, हा विचार त्रास देतो का. आवडीचे छंद सुटतील असं वाटतं का. औषधं शरीराचं नुकसान करतील, उपचार फार कठोर असतील, अशी धाकधूक असते का. आपल्याला काही झालं तर घरच्यांचं काय होईल? आणि भीती वाटते तेव्हा छातीत धडधडणं, पोटात दुखणं असं काही होतं का?

यादी नीट बघितली तर लक्षात येतं की ‘भीती’ हा एकच शब्द तिच्यात बरीच वेगवेगळी ओझी वाहतोय. औषधाला घाबरणारा माणूस आणि परावलंबनाला घाबरणारा माणूस यांच्या भीतीत नावापलीकडे साम्य थोडंच. तरी दोघांची बेरीज सारखी येऊ शकते. या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

भाषेचाही प्रश्न आहे. अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचं, आणि शेवटी काही रुग्णांसमोर प्रत्येक वाक्य ठेवून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारायचं, अशी पद्धत आहे. मराठीपुरतं बोलायचं तर नुसत्या पहिल्या शब्दाशीच अडायला होईल. भीती, काळजी, चिंता, धास्ती, धसका, घोर. धसका एका घटनेने बसतो. घोर दुसऱ्याचा लागतो, बहुधा मुलांचा. काळजी तर आपण प्रेमानेही करतो, ‘काळजी घे’ म्हणतो. पुढे काहीतरी होईल म्हणून आत्ता मन आक्रसून बसणं, याला ‘धास्ती’ मला सर्वात जवळचा वाटतो. पण ‘तुम्हाला कितपत धास्ती वाटते’ असं छापलेल्या कागदावर बऱ्याच लोकांना ते बोलीतलं वाटेल. ‘चिंता’ लिहिलं तर गुण वेगळे येतील. मोजपट्टीवरच्या खुणा या शब्दांनीच आखलेल्या असतात.

मोजपट्टीला मोजायचं

कागदावर 12 प्रश्न लिहून बेरीज केली म्हणून मोजमाप होत नाही. मोजमाप विश्वासाचं आहे का, हे तपासण्याचं एक अख्खं शास्त्र आहे.

पहिली तपासणी सातत्याची. आज भरलेला कागद आणि दोन आठवड्यांनी भरलेला कागद, मध्ये काही घडलेलं नसताना, जवळपास सारखे यायला हवेत. वजनकाट्यावरून उतरून लगेच पुन्हा चढलं आणि चार किलोचा फरक आला तर तो काटा आपण फेकून देऊ. पण इथे एक गोम आहे. एमएसमध्ये दोन आठवडे ‘काही घडलं नाही’ असं म्हणायचं कसं? मध्ये एमआरआयची तारीख आली असेल, मुंग्यांचा एखादा दिवस गेला असेल. त्यामुळे आकडा हलला तर दोष पट्टीचा की भीती खरंच हलली, हे सांगणं सोपं नसतं.

दुसरी तपासणी प्रश्नांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याची. सगळे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल असतील तर एकाला जास्त गुण देणारा बाकीच्यांनाही साधारण जास्त देईल. हे मोजायला 1951 मध्ये ली क्रोनबाख यांनी मांडलेला अल्फा हा आकडा वापरतात. तो 0.7 च्या वर असला की सहसा चालतं. संशोधक तो 0.9 च्या पुढे गेला की खूष होतात. मी जरा सावध होतो. फार उंच अल्फाचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की तोच प्रश्न शब्द बदलून बाराव्यांदा विचारलाय.

तिसरी तपासणी रचनेची. शेकडो लोकांची उत्तरं घेऊन संगणक बघतो की कोणते प्रश्न एकत्र हलतात. कामाचे दोन प्रश्न एकत्र हलले, औषध आणि उपचारांचे दोन वेगळे हलले, तर आत एकापेक्षा जास्त कप्पे आहेत. मग सगळ्यांची एकच बेरीज करणं कितपत बरोबर, असा प्रश्न उभा राहतो. वाचताना हा भाग रुक्ष वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. प्रश्नावली बनवणाऱ्याच्या डोक्यातले कप्पे आणि माणसांच्या मनातले कप्पे जुळतात का, ते इथेच कळतं.

चौथी तपासणी मला सर्वात चतुर वाटते. नवी पट्टी जुन्या चिंतेच्या चाचणीशी जुळायला हवी, पण फार जुळता कामा नये. अजिबात जुळली नाही तर ती भीती मोजतच नाही. तंतोतंत जुळली तर नव्या नावाखाली जुनीच चिंता मोजतेय, मग तिची गरज काय? शिवाय नुकताच झटका येऊन गेलेल्यांचा आकडा वर्षानुवर्षं शांत असलेल्यांपेक्षा वर यायला हवा, आणि उपचारांनी भीती ओसरली तर आकड्यानेही खाली यायला हवं. हे शेवटचं बऱ्याच पट्ट्यांबाबत पुरेसं तपासलं जात नाही.

दुसऱ्याच्या मापाचा सदरा

कर्करोग, मधुमेह, संधिवात यांच्यावर बेतलेला हा सदरा एमएसच्या माणसाला बसतो का? बराचसा बसतो. स्वावलंबन, काम, कुटुंब या भीती सगळीकडच्याच. पण काही ठिकाणी तो ताणला जातो.

मुलांना आजार होण्याचा प्रश्न घ्या. आईला किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दोन-तीन असते. म्हणजे इतरांहून जास्त, पण बहुतेक आईबाप मनात धरून बसतात त्याहून कितीतरी कमी. इथे भीतीचा काही भाग माहितीच्या अभावातून येतो आणि पाच मिनिटांच्या बोलण्याने उतरू शकतो. ज्यांना मुलं नाहीत त्यांचा वेगळाच घोटाळा. ते ‘कधीच नाही’ वर खूण करतात आणि बेरीज उगाच खाली येते. पण मूल होऊ द्यायचं की नाही, हाच त्यांचा रोजचा घोर असतो आणि तो कुठेच विचारलेला नसतो. काम आधीच सुटलेल्या माणसाचं कामाच्या प्रश्नांबाबत तसंच. जे गमावून झालंय त्याची भीती उरत नाही, दुःख उरतं, आणि दुःखाला या कागदावर रकाना नाही.

वेदनेचा प्रश्न आहे. पण विसरायला होणं, शब्द न सुचणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, चारचौघांत लघवी न आवरणं, यांबद्दल थेट काहीच नाही. यातल्या एखाद्या गोष्टीनेच झोप उडालेली माणसं एमएसमध्ये थोडी नाहीत.

त्यात शरीराची लक्षणं आणि भीतीची लक्षणं यांची गल्लत. अंग तापलं, गरम पाण्याने अंघोळ झाली, ऊन लागलं की जुनी लक्षणं थोड्या वेळापुरती डोकं वर काढतात. 1890 मध्ये विल्हेल्म ऊटहोफ यांनी याची नोंद केली. हा नवा झटका नसतो, अंग थंड झालं की जातं. पण त्या अर्ध्या तासात उठलेली भीती खरी असते, आणि भीतीने होणारी धडधड, कंप, अंग आखडणं पुन्हा आजारासारखंच दिसतं. ‘घाबरल्यावर शरीरात काही होतं का?’ या प्रश्नाला एमएसच्या माणसाने प्रामाणिकपणे काय उत्तर द्यायचं? त्यालाच कळत नसतं की आधी काय झालं.

म्हणून काही संशोधक मुळातून एमएससाठीच पट्टी बनवायला निघाले. 2020 मध्ये इराणी संशोधकांचा पुढाकार असलेल्या एका गटाने झटक्यांच्या प्रकारातल्या रुग्णांसाठी रिलॅप्सच्या भीतीची 26 प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. तिचा रोख नवा झटका येण्यावर आहे. पण झटक्याची भीती आणि हळूहळू उतरणीला लागण्याची भीती या एकच नव्हेत. झटक्याची भीती विजेसारखी असते, आत्ता पडेल की मग. उतरणीची भीती पाणी चढावं तशी असते. मागच्या वर्षी हा जिना न थांबता चढायचो, यंदा मध्ये एकदा थांबलो, हे वय की आजार? दोन्ही एकाच पट्टीवर नीट येणं अवघड आहे.

34 या आकड्याबद्दल

छोट्या आवृत्तीसाठी 34 ही सीमा बऱ्याच अभ्यासांत वापरली जाते. 34 किंवा जास्त म्हणजे भीती त्रासदायक पातळीवर. आता गणित करून बघा. बाराच्या बारा प्रश्नांना ‘कधीकधी’ म्हणणाऱ्याची बेरीज 36 होते. म्हणजे अनिश्चित आजारासोबत जगणारं माणूस सगळ्याच गोष्टींची कधीकधी काळजी करत असेल, आणि ते अगदी साहजिक आहे, तरी ते सीमेच्या पलीकडे जातं.

उलट बाजूने दोन कागद शेजारी ठेवू. पहिल्यात दहा प्रश्नांना तीन गुण, दोनांना दोन: 34. दुसऱ्यात चार प्रश्नांना पाच-पाच, सहांना दोन-दोन, दोनांना एक-एक: तेही 34. पहिल्या माणसाला बहुधा एवढंच ऐकायचंय की असं वाटणं स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या आयुष्यात चार जागी आग लागलीय. बेरजेला हा फरक दिसत नाही. म्हणून कुठल्याही दवाखान्यात ही प्रश्नावली वापरत असतील तर एकूण आकड्याआधी पाचाच्या खुणा कुठे आहेत ते बघावं, असं माझं मत आहे. संशोधनाला बेरीज लागते, गटांची तुलना तिच्याशिवाय होत नाही. समोर बसलेल्या माणसाला तिचा उपयोग कमी.

कमी आकडाही फसवा असू शकतो. काही लोक एमआरआय टाळतात, आजाराबद्दल वाचत नाहीत, कोणाला सांगत नाहीत, आणि कागदावर सगळीकडे ‘क्वचित’ लिहितात. भीती टाळण्यासाठीच आयुष्य आखून घेतलं की ती जाणवत नाही. हे पकडायचं तर भावनेबरोबर वागणंही विचारायला हवं: गेल्या महिन्यात भीतीपोटी काय केलं नाही? कुठे गेला नाही? कोणतं औषध घेतलं नाही?

कागद कधी भरून घेतला तेही महत्त्वाचं. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेल्या माणसाचा आकडा आणि रिपोर्ट चांगला आल्यावर महिन्याने त्याच माणसाने घरी भरलेला आकडा, यांची तुलना करणं म्हणजे जिना धावत चढल्यावर आणि झोपून उठल्यावर नाडी बघण्यासारखं आहे. दोन्ही आकडे खरे, पण प्रत्येक वेळी कोणता घेतला ते लिहून ठेवायला हवं.

आकडा आणि अपंगत्व हातात हात घालून चालतील असं वाटतं, तसं सरळ नसतं. कर्करोगावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की भीती आजाराच्या टप्प्याशी फार घट्ट बांधलेली नसते, आणि तरुण वयात ती जास्त असते. एमएसमध्येही निदान नुकतंच झालेलं, अजून धडधाकट चालणारं माणूस व्हीलचेअरला जितकं घाबरतं, तितकं व्हीलचेअर वापरणारं माणूस तिला घाबरत नसतं. त्याच्यासाठी ती आता खुर्ची असते, बाजारात नेणारी.

आकडा आला, पुढे?

मोजून काही करायचंच नसेल तर कागद भरून घेणं हा माणसाच्या वेळेचा अपव्यय आहे, आणि भीती उकरून काढून तशीच सोडणं त्याहून वाईट.

करण्यासारखं असतं. हेर्शबाख यांच्याच गटाने कर्करोग आणि दीर्घकालीन संधिवात असलेल्या लोकांबरोबर गटउपचारांचा अभ्यास केला, तो 2010 मध्ये आला. काही सत्रांच्या गटउपचारांनी भीती कमी झाली. एका गटात विचार आणि वागणं बदलण्यावर भर होता, दुसऱ्यात मोकळेपणाने बोलण्यावर. कर्करोगाच्या रुग्णांना दोन्हींचा फायदा झाला, संधिवाताच्या रुग्णांना मात्र पहिल्याचाच. यातली एक युक्ती ऐकायला उलटी वाटते: भीतीचा विचार अर्ध्यावर तोडायचा नाही, शेवटपर्यंत न्यायचा. ‘चालता आलं नाही तर...’ इथे मन नेहमी थांबतं आणि मागे पळतं. तिथे थांबू न देता विचारायचं: तर काय होईल? त्या दिवशी सकाळी कोण असेल? आंघोळ कशी होईल? घरात काय बदलावं लागेल? भीती अंधारातून बाहेर येऊन कामांची यादी होते. यादी सुखाची नसते, पण तिच्यावर काहीतरी करता येतं. हे एकट्याने घरी बसून करण्यापेक्षा जाणत्या मानसतज्ज्ञासोबत करावं, नाहीतर माणूस मध्येच अडकून पडतं.

आणि काही वेळा मानसतज्ज्ञही लागत नाही. औषध शरीराचं नुकसान करेल या प्रश्नावर पाचाची खूण असेल, तर पुढचा प्रश्न भीतीबद्दलचा नसून औषधाबद्दलचा असायला हवा: गोळ्या नियमित घेताय ना, की मध्येच सोडल्यात? एमएसची औषधं झालेलं नुकसान भरून काढत नाहीत, पुढचं टाळतात. म्हणजे ती नियमित घेऊनही बरं वाटल्याचा अनुभव येत नाही, दुष्परिणाम मात्र जाणवतात. अशा वेळी गोळ्यांचं पाकीट कपाटात पडून राहतं, आणि डॉक्टरांसमोर बसलेलं माणूस ते आपणहून सांगत नाही. बारा प्रश्नांतल्या त्या एका खुणेवरून ते कळू शकतं, फक्त कागद फाइलमध्ये लावण्याआधी कोणीतरी तो वाचलेला हवा.